पाळी संपल्यानंतरचे दोन किलोमीटर: आल्प्समधील स्की-गावात रात्री पायी घरी परतताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एक हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थिनी डिसेंबर ते एप्रिल या काळात फ्रेंच आल्प्समधील व्हाल दिझेर या स्की-गावी एका रेस्टॉरंटमध्ये प्रशिक्षणासाठी जाणार आहेत. रेस्टॉरंट गावाच्या मध्यभागी आहे. राहण्याची खोली मात्र ला दाय या वस्तीत, म्हणजे खोऱ्यात सुमारे दोन किलोमीटर खाली. पाळी रात्री साडेअकरा-बाराला संपेल. सह्याद्रीत रात्रीचे ट्रेक केलेले असल्यामुळे अंधारात चालण्याची त्यांना सवय आहे, पण घरच्यांना काळजी वाटते. हा रस्ता एकटीने चालणे कितपत सुरक्षित आहे आणि नाशिकहून काय घेऊन जावे, असे त्यांनी विचारले आहे. आल्प्समधील हॉटेलांत कर्मचाऱ्यांच्या निवासाची आणि सुरक्षिततेची व्यवस्था मी दीर्घकाळ पाहिली आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

कोरडे व पुरेसे कपडे घातलेल्या, पोटात अन्न असलेल्या आणि दारू न घेतलेल्या माणसासाठी तो बहुतेक रात्री अर्ध्या तासाचा साधा रस्ता आहे आणि असे रस्ते हंगामी कर्मचारी रोज चालतात. तरीही आल्प्समधील स्की-गावांत जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात कोणी ना कोणी रात्री घरी परतताना प्राण गमावतो. ही माणसे बहुधा तरुण आणि धडधाकट असतात, आणि ती शिखरांवर नव्हे, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर सापडतात. अशा घटनांचे तपशील पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: थंडीने त्यांना चालताना गाठलेले नसते. घसरून पडल्यामुळे, वाट चुकल्यामुळे, दाराची किल्ली न सापडल्यामुळे किंवा ‘पाच मिनिटे टेकू या’ म्हणून ती कुठेतरी थांबलेली असतात. माझे पुढचे सगळे सांगणे याच एका गोष्टीला धरून आहे. उघड्यावर थांबण्याची वेळ येऊ द्यायची नाही, आणि थांबावेच लागले तर ते छपराखाली, उबेत थांबायचे.

याचे कारण शरीराच्या हिशेबात आहे. विश्रांती घेणारे शरीर सुमारे १०० वॉट उष्णता निर्माण करते. भरभर चालताना ती तिप्पट-चौपट होते, आणि त्या जोरावर हलक्या जाकिटातही घाम येतो. माणूस थांबला की ही जास्तीची उष्णता काही मिनिटांतच मिळेनाशी होते आणि घामाने ओला झालेला आतला कपडा अंगातली ऊब शोषून घेऊ लागतो. व्हाल दिझेर १८५० मीटर उंचीवर आहे. जानेवारीच्या रात्री तिथे उणे १० अंश सेल्सियस तापमान असणे काही विशेष नाही, आणि थंडीची लाट आली तर पारा उणे २० पर्यंत उतरतो. त्यात ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा असेल तर उणे १० अंशही उघड्या त्वचेला उणे २० सारखे जाणवतात. वारा नसेल आणि आकाश निरभ्र असेल तर जड, गार हवा उतारांवरून खाली येऊन खोऱ्याच्या तळाशी, नदीकाठी साचते. म्हणून स्वच्छ चांदणी रात्र कितीही सुंदर दिसली तरी ढगाळ रात्रीपेक्षा तीच अधिक गार असते.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला जोराची हुडहुडी भरते. ही शरीराची ऊब निर्माण करण्याची धडपड असते. तापमान ३२ अंशांच्या आसपास आले की हुडहुडी कमी होत जाते, विचार मंदावतात, आणि माणसाला आता बरे वाटू लागल्याचा भास होतो. काही जण तर अखेरच्या टप्प्यात फार उकडते आहे असे समजून जाकीट काढून टाकतात. म्हणजे धोका जसजसा वाढतो, तसतशी तो ओळखण्याची क्षमता कमी होते. सह्याद्रीत वाट चुकली आणि अंधार पडला तर एखाद्या कपारीत बसून उजाडण्याची वाट पाहावी, हा सल्ला योग्यच आहे. हरिश्चंद्रगडावर उघड्यावर रात्र काढलेला ट्रेकर सकाळी काकडत का होईना, पण आपल्या पायांनी गड उतरतो. व्हाल दिझेरच्या रस्त्यावर हाच सल्ला प्राणांवर बेतेल. रात्रीच्या ट्रेकची सवय तुम्हाला अंधाराची भीती वाटू देणार नाही, ही चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्या एका बाबतीत ती सवय विसरावी लागेल.

पायी जायचे की नाही हा निर्णय मध्यरात्री रेस्टॉरंटच्या मागच्या दाराशी उभे राहून घेऊ नये. तो पाळी सुरू होण्यापूर्वी घ्यावा. व्हाल दिझेरमध्ये मधले गाव आणि आजूबाजूच्या वस्त्या यांना जोडणारी मोफत बससेवा आहे. तिच्या रात्रीच्या शेवटच्या फेरीची वेळ हंगामाच्या कोणत्या टप्प्यात काय असते, हे पोहोचल्याबरोबर पाहून घ्या आणि वेळापत्रकाचा फोटो फोनमध्ये ठेवा. हंगामाच्या सुरुवातीला आणि अखेरीला अशा सेवांच्या फेऱ्या सहसा कमी असतात, हे नवीन आलेल्यांच्या लक्षात येत नाही. करारावर सही करण्यापूर्वी मालकाला तीन गोष्टी लेखी विचारा: शेवटच्या बसनंतर पाळी संपली तर जाण्याची सोय कोण करणार, बर्फवृष्टीच्या रात्री कामाच्या ठिकाणी झोपण्यासाठी जागा मिळेल का, आणि त्याच दिशेला राहणारे आणखी कोण कर्मचारी आहेत. चांगल्या व्यवस्थापनाला या प्रश्नांत वावगे वाटत नाही. ज्याला वाटते, त्याच्याकडे इतरही बाबतींत सावध राहावे, असे माझे मत आहे.

आता रेस्टॉरंटमधून निघण्याची ती दहा मिनिटे. माझ्या मते पुढच्या अर्ध्या तासाचे बरेचसे भवितव्य तिथेच ठरते आणि तरीही सगळ्यांत जास्त निष्काळजीपणा तिथेच होतो. सहा-सात तास गरम स्वयंपाकघरात किंवा टेबलांमधून धावपळ केल्यावर अंगातला सदरा घामाने आणि वाफेने ओला असतो. काळी सुती पँट, सुती सदरा आणि वर एक फुगीर जाकीट अशा वेषात बाहेर पडणारे कर्मचारी मी नेहमी पाहत आलो आहे. सुती कापड पाणी धरून ठेवते, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून लॉकरमध्ये लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा एक कोरडा आतला सदरा, कोरडे पायमोजे आणि वेगळी पँट ठेवा, आणि कितीही कंटाळा आला तरी हे बदलल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकू नका. कानटोपी आणि हातमोजे आत असतानाच घाला. बाहेर गेल्यावर ते शोधण्यात बोटे बधिर होतात, मग जाकिटाची चेन ओढता येत नाही, आणि उघडे जाकीट तसेच राहते. स्वयंपाकघरातले बूट तिथेच राहू द्या. त्यांचे तळ ओल्या फरशीसाठी बनवलेले असतात आणि त्यांना स्वयंपाकाचे तेल लागलेले असते.

शिवाय काहीतरी खाऊन निघा. रेस्टॉरंटचे कर्मचारी बहुधा ग्राहक येण्यापूर्वीच, संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवतात. मध्यरात्रीपर्यंत त्या जेवणाची शिदोरी संपलेली असते, आणि हुडहुडी भरवायलासुद्धा शरीराला इंधन लागते. पाव-चीज, केळे, मूठभर सुका मेवा, काहीही चालेल. फोन पूर्ण चार्ज करून सर्वांत आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, कारण लिथियमची बॅटरी थंडीत अचानक मान टाकते. ४० टक्के दाखवणारा फोन बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत बंद पडलेला मी पाहिला आहे. म्हणूनच उजेडासाठी फोनवर अवलंबून राहू नये. डोक्याला बांधायची विजेरी वेगळी असावी. खर्च वाचवण्यासाठी फ्रान्समधील अनेक गावे मध्यरात्रीनंतर रस्त्यावरचे दिवे बंद करतात, तेव्हा संध्याकाळी सहाला उजळलेला दिसलेला रस्ता बाराला तसाच असेल असे धरून चालू नका.

रस्त्यावरचा खरा शत्रू मऊ, ताजा बर्फ नाही. दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी सूर्यास्तानंतर पुन्हा गोठते आणि डांबरावर एक पातळ, पारदर्शक थर तयार होतो. वरून तो फक्त ओला रस्ता वाटतो. फ्रेंचमध्ये त्याला ‘व्हेर्ग्ला’ म्हणतात, आणि त्या शब्दाची पाटी दिसली तर ती गाड्यांइतकीच आपल्यासाठीही आहे असे समजावे. मार्च-एप्रिलमध्ये दिवसा ऊन कडक असल्यामुळे हा त्रास जानेवारीपेक्षाही वाढतो. थंडी ओसरली म्हणून बुटांखाली लावायचे काटे घरी ठेवणाऱ्यांची मनगटे त्याच महिन्यांत मोडतात. अशा जागी चालण्याची रीत पेंग्विनकडून घ्यावी: पावले आखूड, पाऊल पूर्ण टेकलेले, शरीराचा भार पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर आणि अंगापासून थोडे दूर. हात खिशात घालून चालणारा पडला तर तोंडावर किंवा डोक्यावर पडतो, म्हणून जाड हातमोजे हे केवळ उबेसाठी नसतात.

भारतातून येणाऱ्यांसाठी एक धोका वेगळा सांगायला हवा, कारण त्याची कोणी आठवण करून देत नाही. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात. रस्ता ओलांडताना आपली मान आपोआप आधी उजवीकडे वळते. तिथे जवळच्या बाजूची गाडी डावीकडून येते. पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असे चाला. वस्तीबाहेरच्या रस्त्यांवर फ्रान्सचा नियमही तोच आहे. कर्मचाऱ्यांचे कपडे काळे, जाकिटे काळी, आणि दोन्ही बाजूंना यंत्रांनी ढकललेल्या बर्फाच्या भिंती, अशा स्थितीत चालकाला माणूस अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. गाडीत ठेवायचा पिवळा परावर्तक अंगरखा तिथे काही युरोंत मिळतो. तो घातल्याने आपण विनोदी दिसतो हे खरे, पण तो घालावा. बर्फ हटवणारी यंत्रे रात्रीच काम करतात. त्यांचा आवाज आला की ज्या बाजूला बर्फ फेकला जात नाही त्या बाजूला, रस्ता सोडून पूर्ण थांबा; चालकाने पाहिले असेल असे गृहीत धरू नका, आणि दोन्ही कानांत इअरफोन घालून तर चालूच नका. बर्फ जोरात पडत असेल आणि रस्त्याच्या कडा दिसेनाशा झाल्या असतील तर कडेला रोवलेल्या उंच खांबांच्या ओळीत राहावे. गावात चालताना मोठ्या इमारतींच्या छपरांखालून जाऊ नये. छपरावर साचलेला बर्फ एकदम घसरून खाली येतो, आणि त्याचे वजन माणसाला जायबंदी करायला पुरेसे असते.

आडवाटांबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण गंभीर अपघातांचे मूळ बऱ्याचदा तिथे असते. व्हाल दिझेरमध्ये आणि ला दायमध्येही स्कीचे उतार थेट वस्तीपर्यंत येतात. दिवसभर त्यांवर हजारो लोक असतात, त्यामुळे रात्री तो एक रुंद, मोकळा, दाबून सपाट केलेला रस्ताच वाटतो. पण संध्याकाळी शेवटची फेरी मारून बचाव पथक उतार बंद करते आणि त्यानंतर तिथे ‘दामझ’ नावाची, बर्फ दाबणारी अवजड यंत्रे फिरू लागतात. चढ तीव्र असेल तिथे ही यंत्रे वर पक्क्या बांधलेल्या पोलादी दोराच्या आधाराने चढतात. असा दोर एक किलोमीटरपर्यंत लांब असू शकतो. यंत्र कुठेतरी वळणापलीकडे असते, दोर बर्फात दबलेला असतो, आणि यंत्राने दिशा बदलली की तोच दोर प्रचंड ताणाने जमिनीवरून उसळतो किंवा आडवा सरकतो. चालकाला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला दोर दिसत नाही. म्हणून रात्री बंद उतारावर पाऊल ठेवायचे नाही. रेस्टॉरंटचा ट्रे घेऊन घसरगुंडी खेळायला जाण्याची टूम हंगामी कर्मचाऱ्यांत असते. तुम्हालाही कोणीतरी बोलावेल. तेव्हा नाही म्हणा. दिवसा ज्या खांबांभोवती गाद्या बांधलेल्या दिसतात, त्या गाद्याच घसरगुंडीसाठी कोणी तरी पळवलेल्या असू शकतात, आणि मग अंधारात मोकळा खांब तेवढा उरतो.

दुसरी आडवाट नदीची. इझेर नदी या गावातूनच वाहते. हिवाळ्यात पाणी कमी असते, पण काठावर साचलेला बर्फ पाण्यावर बाहेर झुकलेला असतो आणि पुढे जमीन आहे असे वाटते. पुरुष कर्मचारी काळोखात लघवीसाठी काठाशी जातात आणि तिथून घसरतात. हे लिहायला संकोच वाटत असला तरी ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे आहे, तेव्हा तुमच्या सहकाऱ्यांना अवश्य सांगा. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर श्वासावर ताबा राहत नाही, आणि दहाएक मिनिटांत हातांतली शक्ती इतकी जाते की काठ धरून वर येता येत नाही. पाणी कमरेइतकेच असले तरी यात फरक पडत नाही. शेजारच्या तीन्य गावात २१०० मीटरवर तळे आहे आणि ते हिवाळ्यात गोठते. गोठलेल्या तळ्यावरून सरळ जाण्याचा मोह तिथे गेलात तर तुम्हालाही होईल. स्वित्झर्लंडमध्ये सेंट मोरिट्झच्या गोठलेल्या तळ्यावर दर फेब्रुवारीत घोड्यांच्या शर्यती होतात हे खरे, पण तिथे बर्फाची जाडी मोजून मगच परवानगी दिली जाते. रात्री एकट्याने चालणाऱ्याकडे मोजण्याचे साधन नसते.

दारूबद्दल उपदेश करण्याचा माझा हेतू नाही. पाळीनंतर सगळे मिळून एखादा ग्लास घेणे हा तिथल्या कामाच्या जीवनाचा भाग आहे, आणि त्यात सामील व्हायचे की नाही हा तुमचा प्रश्न आहे. मात्र गरम मसालेदार वाइन किंवा जेनेपी ही तिथली वनौषधींची दारू घेतल्यावर जी ऊब वाटते तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतले गरम रक्त वर येते, आणि म्हणून ऊब जाणवते; त्याच वेळी ती उष्णता शरीराबाहेर जात असते. दारू हुडहुडी दाबते, रक्तातली साखर उतरवते, तोल बिघडवते, आणि ‘थोडा वेळ इथेच बसू’ हा विचार शहाणपणाचा वाटायला लावते. घामाने ओला सदरा, रिकामे पोट आणि तीन ग्लास यांचा मेळ झाला तर शून्याखाली काही अंश पुरेसे असतात, त्याला उणे २० लागत नाही. माझा नियम साधा आहे: घ्यायची असेल तर बसने किंवा टॅक्सीने जायचे, अथवा सोबतीशिवाय निघायचे नाही, आणि कोणाची सोबत, हे पहिल्या ग्लासापूर्वी ठरवायचे. सोबत म्हणजे कोपऱ्यापर्यंत नव्हे. समोरची व्यक्ती दारातून आत गेली आणि दार बंद झाले, हे पाहिल्यावरच सोबत संपते. वाटेत कोणी ‘तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून’ म्हणाला तर ते ऐकायचे नाही.

एकट्या स्त्रीने चालण्याविषयी. या गावांत गंभीर गुन्हे कमी असले तरी हंगामात रात्री बाराला रस्त्यावर पिऊन तर्र झालेले पुरुष पुष्कळ असतात, आणि आठवडाभरासाठी आलेल्या माणसाला आपल्याला इथे कोणी ओळखत नाही याचे बळ वाटते. त्यामुळे अनोळखी गाडीत बसू नये. टॅक्सी हवी असेल तर रेस्टॉरंटच्या किंवा एखाद्या हॉटेलच्या स्वागतकक्षातून मागवावी. कोणी पाठीमागे येत असल्याचा संशय आला तर निर्जन वाटेने पळू नका, दिवा दिसणाऱ्या पहिल्या हॉटेलात शिरा. मोठ्या हॉटेलांत रात्रपाळीचा कर्मचारी जागा असतो, आणि तुम्ही त्याच व्यवसायातल्या असल्याने तुमचे म्हणणे त्याला दोन वाक्यांत कळते. पहिल्या आठवड्यातच दिवसाउजेडी हा रस्ता चालून अशा उघड्या असणाऱ्या जागा हेरून ठेवा. संकटात फ्रान्समध्ये पोलिसांसाठी १७, वैद्यकीय मदतीसाठी १५ आणि सर्व प्रकारच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. बोलता येण्यासारखी स्थिती नसेल तर ११४ वर लघुसंदेश पाठवता येतो. ११२ वर फोन केल्यास युरोपातील बहुतेक देशांत फोनचे ठिकाण आपोआप कळवले जाते, तरीही बस थांब्याचे किंवा इमारतीचे नाव सांगता यावे एवढी वाट ओळखीची असू द्या.

घराचे दार ही शेवटची आणि फसवी जागा आहे. ला दायसारख्या वस्त्यांत एका साच्यातल्या मोठ्या इमारती असतात, ताज्या बर्फात त्यांचे फलक झाकले जातात, आणि थकलेला माणूस चुकीच्या दारावर आपला सांकेतिक क्रमांक पुन्हा पुन्हा दाबत राहतो. किल्ली बर्फात पडली, सांकेतिक क्रमांक बदललेला आहे, खोलीतली मैत्रीण झोपेत फोन उचलत नाही. प्रत्येक कारण क्षुल्लक आहे आणि प्रत्येकात माणूस घामाने ओल्या अंगाने उघड्यावर उभा राहतो. क्रमांक फोनशिवाय कागदावरही लिहून ठेवा, किल्ली दोरीने अंगाला बांधा, आणि दार पाच मिनिटांत उघडले नाही तर पायरीवर बसून वाट पाहू नका. सरळ जवळच्या हॉटेलच्या स्वागतकक्षात जा किंवा शेजारच्यांची घंटा वाजवा. रात्री एक वाजता अनोळखी माणसाची झोपमोड करायला आपल्याला भारी संकोच वाटतो, आणि आपल्याकडच्या चांगल्या घरांतल्या मुलामुलींत तो अधिकच असतो. तो तिथे बाजूला ठेवावा.

वाटेत कोणी बर्फात बसलेला किंवा आडवा दिसला तर ‘प्यायलेला आहे, झोपू दे’ असे म्हणून पुढे जाऊ नका. प्यायलेला आणि थंडीने गारठलेला माणूस सारखेच अडखळतात, सारखेच बरळतात. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकत्रच असतात. ११२ ला फोन करा. खाली जाकीट, पिशवी, जे असेल ते सरकवा, कारण जमिनीकडे जाणारी उष्णता मोठी असते. वरून वाऱ्यापासून आडोसा करा आणि डोके झाका. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका, जबरदस्तीने उभे करून चालवू नका. फार गारठलेल्या माणसाचे हृदय अशा हिसक्यांनी बंद पडू शकते. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गोड, कोमट पेय द्यावे. शुद्ध नसेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास पाहताना पूर्ण एक मिनिट द्या, कारण अशा अवस्थेत तो अतिशय संथ असतो. श्वास नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करा आणि मदत येईपर्यंत सोडू नका. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या ओढ्यात अडकलेल्या एका स्त्रीच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते, आणि त्या वाचल्या. घरी पोहोचल्यावर स्वतःची बोटे पांढरी आणि बधिर दिसली तर हीटरवर धरू नका. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा आणि डॉक्टरांना दाखवा.

जोरदार बर्फवृष्टीच्या रात्री हे सगळे बाजूला ठेवून कामाच्या ठिकाणीच झोपावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हिमस्खलनाचा धोका वाढला की प्रशासन रस्ते बंद करते. तिथला अडथळा ओलांडून चालत जाणे म्हणजे आपला अंदाज तज्ज्ञांच्या अंदाजापेक्षा बरा आहे असे समजणे. याच व्हाल दिझेरमध्ये १० फेब्रुवारी १९७० रोजी सकाळी हिमस्खलन थेट एका निवासी इमारतीवर येऊन ३९ जण मरण पावले होते. त्यानंतर संरक्षक बांधणी आणि इशाऱ्यांची व्यवस्था खूप सुधारली, पण ती व्यवस्था इशारे पाळणाऱ्यांसाठी आहे.

कायद्याची एक बाब घरच्यांना सांगण्यासारखी आहे. कामावरून घरी परततानाच्या नेहमीच्या वाटेवर झालेला अपघात फ्रान्समध्ये कामाशी संबंधित अपघात म्हणून धरला जाऊ शकतो, मात्र त्याची माहिती मालकाला २४ तासांच्या आत द्यावी लागते. मध्येच वाट सोडून बारमध्ये गेल्यास हे संरक्षण तुटू शकते. तुमच्या प्रशिक्षणाच्या करारात याविषयी काय म्हटले आहे ते जाण्यापूर्वी वाचा. खासगी प्रवास विमा घेत असाल तर नशेत झालेल्या अपघाताबद्दलची अट शोधून पाहा, ती बहुतेक ठिकाणी असते.

राहता राहिले सामान. सह्याद्रीसाठी घेतलेले ट्रेकिंगचे बूट घोटा झाकणारे असतील तर आणा, पण त्यांचे रबर गोठलेल्या डांबरावर कडक पडते, म्हणून त्यांवर ओढून चढवायचे काटे लागतीलच. ते, परावर्तक अंगरखा आणि जाड हातमोजे तिथेच घ्या. शक्य असेल तर ही खरेदी व्हाल दिझेरमध्ये न करता खाली बूर-सें-मोरीसला करा. रेल्वे तिथपर्यंतच जाते, तेव्हा बदली बस पकडण्यापूर्वी थोडा वेळ हाताशी ठेवला की काम होते आणि वरच्या गावापेक्षा स्वस्तही पडते. नाशिकहून लोकरीचे आतले सदरे दोन, लोकरीचे पायमोजे चार-पाच जोड, कानटोपी आणि ट्रेकवर वापरात असलेली डोक्याची विजेरी आणा. विजेरीचे जास्तीचे सेल लिथियमचे घ्या, साधे अल्कलाइन सेल तिथल्या थंडीत लवकर मंदावतात. आणि ते विमानात हातातल्या सामानात ठेवा, कारण सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत ठेवू देत नाहीत.